एका शब्दावर मोडलेली पंगत

फ्रँकफर्टहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी तासाभरात लान नदीच्या खोऱ्यात शिरते. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेल्या टेकड्या, मधून संथ वाहणारी नदी आणि मग डाव्या हाताला एका टेकडीच्या माथ्यावर बसलेला जुना किल्ला दिसू लागतो. हेच मारबुर्ग. जर्मनीच्या हेसे प्रांतातले हे गाव तसे लहानच. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास आणि त्यात विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. इतर गावांत विद्यापीठ असते, मारबुर्ग हे गावच विद्यापीठ आहे, असे तिथले लोक गमतीने म्हणतात.

परीकथांचे संग्राहक ग्रिम बंधू येथेच कायदा शिकले. मारबुर्गच्या घरांत नसतील इतक्या पायऱ्या इथल्या रस्त्यांत आहेत, अशा अर्थाचे याकोब ग्रिमने लिहून ठेवले होते. ते किती खरे आहे, हे स्टेशनवरून किल्ल्याकडे निघालेल्या प्रवाशाला थोड्याच वेळात कळते. पण या पायऱ्या चढण्याला एक वेगळे कारणही आहे. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये वरच्या किल्ल्यात युरोपातील दहा नामवंत धर्मपंडित एका टेबलाभोवती बसले होते. प्रश्न होता एकाच शब्दाचा. तो शब्द म्हणजे 'आहे'. त्या एका शब्दावर एकमत झाले नाही आणि एकाच पंगतीला बसू शकणारी माणसे साडेचारशे वर्षे वेगवेगळ्या पंगतींत बसली.

राजकन्येचे गाव

स्टेशनपासून दहा मिनिटे चालले की संत एलिझाबेथचे चर्च लागते. दोन उंच निमुळते मनोरे, गुलाबी झाक असलेला दगड आणि आतून सरळ वर गेलेले सडपातळ खांब. १२३५ मध्ये पायाभरणी आणि १२८३ मध्ये अभिषेक. जर्मनीतील गॉथिक शैलीच्या अगदी सुरुवातीच्या चर्चपैकी हे एक मानले जाते.

एलिझाबेथ ही हंगेरीच्या राजाची मुलगी. पती क्रूसेडच्या वाटेवर १२२७ मध्ये वारला. विसाव्या वर्षी विधवा झालेली ही राजकन्या मारबुर्गला आली, तिने गोरगरिबांसाठी रुग्णालय उभारले आणि स्वतः रोग्यांची सेवा केली. १२३१ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी तिचे निधन झाले. चारच वर्षांत तिला संतपद मिळाले आणि मारबुर्ग हे यात्रेचे ठिकाण बनले. तिच्याविषयीची एक दंतकथा युरोपभर सांगितली जाते. गरिबांसाठी पदरात लपवून भाकरी नेताना तिला कोणी अडवले, पदर उघडायला लावला, तर आत भाकरीऐवजी गुलाबाची फुले होती.

भाकरीची ही कथा ज्या गावाने जपली, त्याच गावात पुढे तीनशे वर्षांनी भाकरीवरूनच वाद पेटावा, हा योगायोग म्हणावा लागेल. त्या वादाचा यजमान होता एलिझाबेथचाच वंशज, हेसेचा राजा फिलिप. नव्या धर्मसुधारणेचा हा खंदा पुरस्कर्ता. १५३९ मध्ये त्याने आपल्याच पूर्वज स्त्रीच्या अस्थी या चर्चमधून हलवल्या आणि यात्रा बंद पाडली.

भाकर आणि द्राक्षारस

वाद समजून घ्यायचा तर आधी ख्रिस्ती उपासनेतील एक विधी माहीत हवा. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्ताने आपल्या बारा शिष्यांबरोबर शेवटचे भोजन घेतले. त्या वेळी त्याने भाकर मोडून शिष्यांना दिली आणि ती आपले शरीर असल्याचे सांगितले. मग द्राक्षारसाचा प्याला दिला आणि ते आपले रक्त असल्याचे सांगितले. आपल्या आठवणीसाठी हे करत राहा, असा निरोपही दिला. तेव्हापासून जगभरचे ख्रिस्ती लोक हा विधी करीत आले आहेत. कॅथलिक लोक या उपासनेला मिस्सा म्हणतात, तर मराठी प्रॉटेस्टंट मंडळींत 'प्रभुभोजन' हा शब्द रूढ आहे.

आता प्रश्न असा, की आज चर्चमध्ये धर्मगुरू भाकर हातात घेतो, ते येशूचे शब्द उच्चारतो, तेव्हा नेमके काय घडते? त्या भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो का? असला तर कसा?

घरोघरी गणपती बसवणाऱ्यांना हा प्रश्न अगदीच परका वाटणार नाही. चतुर्थीच्या सकाळपर्यंत जी मूर्ती असते, तिची प्राणप्रतिष्ठा झाली की तिच्यासमोर वागण्याची रीत बदलते. माती तीच, रंग तोच. काही बदलले का? एक म्हणेल, देव आला. दुसरा म्हणेल, ही देवाची आठवण करून देणारी खूण आहे. दोघेही हात जोडतात. ही तुलना तंतोतंत नाही, कारण ख्रिस्ती विधीत ती भाकर खायची असते. पण प्रश्नाची जात तीच आहे.

कॅथलिक चर्चचे उत्तर स्पष्ट आहे. भाकरीचा रंग, चव, वास, वजन सगळे पूर्वीसारखेच राहते, पण तिचे मूळ तत्त्व बदलते. ती भाकर राहत नाही, ख्रिस्ताचे शरीर होते. १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने या बदलासाठी 'तत्त्वपरिवर्तन' या अर्थाचा शब्द वापरला. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची तर्कशुद्ध मांडणी केली आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती श्रद्धा पुन्हा ठामपणे सांगितली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चही ख्रिस्त तिथे खरोखर आहे असेच मानते. मात्र हे कसे घडते याची चिरफाड न करता, ते रहस्य म्हणून स्वीकारण्याकडे त्याचा कल आहे.

मार्टिन ल्यूथर यांनी रोमच्या सत्तेविरुद्ध बंड पुकारले, तरी या बाबतीत त्यांची श्रद्धा जुन्या वळणाची होती. भाकर ही भाकरच राहते, पण तिच्यात आणि तिच्याबरोबर ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते, असे ते मानत. त्यासाठी त्यांनी तापलेल्या लोखंडाचा दाखला दिला होता. लोखंड तापून लाल होते तेव्हा त्यात लोखंडही असते आणि आगही. एकाने दुसऱ्याला बाहेर घालवलेले नसते.

स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे धर्मसुधारणा करणारे उलरिख झ्विंग्ली यांचे म्हणणे याहून वेगळे होते. त्यांच्या मते येशूच्या वाक्यातील 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. भाकर ही ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण. या विचाराला त्यांना बळ मिळाले ते नेदरलँड्समधील कोर्नेलियस हून या कायदेपंडिताच्या पत्रातून. झ्विंग्लींनी ते १५२५ मध्ये छापून प्रसिद्ध केले. वर वधूला अंगठी देतो, तसे हे देणे आहे, असा हून यांचा दृष्टान्त. अंगठी म्हणजे नवरा नव्हे. पण म्हणून ती कोणी साधा धातूचा तुकडा समजत नाही. मराठी घरात मंगळसूत्राकडे ज्या नजरेने पाहतात, तीच ही नजर.

किल्ल्याची चढण

एलिझाबेथच्या चर्चमागून श्टाइनवेग नावाची फरसबंदी गल्ली वर चढते. दोन्ही बाजूंना लाकडी तुळयांचे सांगाडे दाखवणारी, पुढे झुकलेली जुनी घरे आहेत. तळमजल्यावर पुस्तकांची दुकाने, बेकऱ्या, कॉफीची छोटी हॉटेले. गावाच्या मध्यभागी चौक आणि चौकात १५२७ मध्ये पुरे झालेले टाऊन हॉल. त्याच्या शिखरावरच्या घड्याळाशी एक यांत्रिक कोंबडा आहे. तासाचे ठोके पडले की तो पंख फडफडवतो आणि आरवतो. लहान मुले आणि प्रवासी माना वर करून त्याची वाट पाहत उभे असतात.

त्याच १५२७ साली राजा फिलिपने येथे विद्यापीठ स्थापन केले. प्रॉटेस्टंटांनी स्थापन केलेल्या आणि आजही चालू असलेल्या विद्यापीठांत ते सर्वांत जुने. तेव्हा फिलिपचे वय होते अवघे बावीस.

चौकातून आणखी पायऱ्या चढल्या की ल्यूथरन पंथाचे सेंट मेरी चर्च लागते. त्याचा मनोरा पिळल्यासारखा वाकडा झाला आहे. तिथून शेवटची चढण संपते ती किल्ल्याच्या अंगणात. नदीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर असलेल्या या जागेवरून सगळे गाव पायाखाली दिसते. उतरती छपरे, एलिझाबेथच्या चर्चचे जुळे मनोरे, पलीकडे लान नदी आणि तिच्यापलीकडच्या टेकड्या. किल्ल्यात १२८८ मध्ये अभिषेक झालेले छोटे प्रार्थनामंदिर आहे. शिवाय मधोमध खांबांची रांग असलेला गॉथिक शैलीतला भव्य दरबार हॉल. १५२९ ची चर्चा मात्र या मोठ्या दरबारात झाली नाही, ती झाली फिलिपच्या राहत्या भागातील दालनात.

चार दिवसांची चर्चा

फिलिपने ही बैठक का बोलावली, याला कारण होते. १५२९ च्या एप्रिलमध्ये श्पायर येथील साम्राज्यसभेने धर्मसुधारणेला आवर घालण्याचा ठराव केला. त्याविरुद्ध काही राजांनी आणि शहरांनी लेखी निषेध नोंदवला. 'प्रॉटेस्टंट' हे नाव त्या निषेधावरून पडले. सम्राट पाचवा चार्ल्स कॅथलिक होता, बलाढ्य होता. त्याच्यासमोर टिकायचे तर उत्तरेकडचे जर्मन आणि दक्षिणेकडचे स्विस यांनी एक होणे गरजेचे होते. पण ल्यूथर आणि झ्विंग्ली चार वर्षे एकमेकांवर पुस्तकांमागून पुस्तके लिहून तुटून पडत होते. त्यांना समोरासमोर बसवले तर वाद मिटेल, अशी चोवीस वर्षांच्या फिलिपची आशा होती.

झ्विंग्ली सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्रीच्या वेळी गुपचूप झुरिकहून निघाले. पत्नीलाही त्यांनी फक्त बाझेलला जातो एवढेच सांगितल्याचे म्हणतात. वाट शत्रूच्या मुलखातून होती. ल्यूथर यांची यायची इच्छा नव्हती. काही निष्पन्न होणार नाही, असे त्यांना वाटत होते. तरी ते आले. त्याच दिवसांत तुर्की फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. साऱ्या युरोपच्या छातीत धडकी भरलेली होती.

पहिल्या दिवशी, १ ऑक्टोबरला, फिलिपने शहाणपणाने जोड्या लावल्या. तापट ल्यूथर यांच्यासमोर बाझेलचे शांत स्वभावाचे ओयकोलांपाडियस आणि तडफदार झ्विंग्ली यांच्यासमोर ल्यूथर यांचे सौम्य सहकारी मेलँक्थॉन. मुख्य चर्चा दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला सुरू झाली.

ल्यूथर यांनी बसताच एक गोष्ट केली. हातात खडू घेऊन त्यांनी टेबलावर चार लॅटिन शब्द लिहिले. भाकर हे आपले शरीर आहे, असे येशूने सांगितले ते हेच शब्द. वर मखमली कापड पसरले. समोरच्याने पुरावा मागितला की कापड उचलायचे आणि त्या शब्दांकडे बोट दाखवायचे, असा त्यांचा पवित्रा होता. देवाने सांगितले ते सांगितले. ते बुद्धीला पटते की नाही, हा प्रश्नच नाही.

झ्विंग्ली यांचे म्हणणे असे, की येशूने स्वतःला द्राक्षवेल म्हटले, दार म्हटले, ते आपण शब्दशः घेत नाही, मग हेच का घ्यायचे? शिवाय ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात आहे. एक शरीर एकाच वेळी हजार ठिकाणच्या भाकरीत कसे असेल? त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा आधार घेतला. देहाला नव्हे, आत्म्याला महत्त्व आहे असे येशू तिथे सांगतो, हा त्यांचा मुद्दा. ल्यूथर यांनी हे गणित येथे चालणार नाही, असे उत्तर दिले.

वाद रंगला तसा आवाजही चढला. हे वचन तुमची मान मोडेल, असे झ्विंग्ली यांच्या तोंडून निघून गेले. स्विस बोलीत हा नेहमीचा वाक्प्रचार. पण ल्यूथर यांनी तो मनाला लावून घेतला. हा हेसे आहे, स्वित्झर्लंड नव्हे, येथे माना इतक्या सहज मोडत नाहीत, असे त्यांनी सुनावले. झ्विंग्ली यांना आपल्या बोलीचा खुलासा करून क्षमा मागावी लागली.

दोन दिवस असेच गेले. तोडगा निघाला नाही. त्यातच गावात घाम येऊन माणसे दगावणारी भयंकर साथ येऊन पोचली. मंडळी निघण्याची घाई करू लागली. फिलिपच्या आग्रहावरून ल्यूथर यांनी घाईघाईने पंधरा कलमे लिहून काढली. चौदा कलमांवर दहाही जणांनी एकमताने सह्या केल्या. पंधरावे कलम प्रभुभोजनाचे. त्यातही बरेच जुळले. सामान्य भाविकांना भाकरीबरोबर द्राक्षारसाचा प्यालाही मिळाला पाहिजे, यावर सारे एक होते. फक्त शेवटचा मुद्दा राहिला. ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त भाकरीत व द्राक्षारसात प्रत्यक्ष आहे की नाही, यावर तूर्त एकमत झालेले नाही, तरी दोन्ही बाजूंनी सदसद्विवेकबुद्धीला पटेल तितके एकमेकांवर प्रेम करावे, असे तिथे नमूद झाले.

तरीही आपण एकमेकांना भाऊ मानू आणि एका पंगतीला बसू, असे झ्विंग्ली यांचे म्हणणे होते. बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे सांगतात. ल्यूथर यांनी ते मान्य केले नाही. तुमचा आत्मा वेगळा आहे, असे त्यांचे उत्तर होते. ४ ऑक्टोबरला चर्चा आटोपली आणि लगेच पांगापांग सुरू झाली.

हे दोघे पुन्हा कधीच भेटले नाहीत. दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १५३१ रोजी, काप्पेलच्या लढाईत झ्विंग्ली मारले गेले. पुढच्याच महिन्यात ओयकोलांपाडियसही वारले.

पातळ चकती की पाव?

भांडण पंडितांचे, त्याची झळ सामान्यांना का लागावी, असे वाटेल. पण मारबुर्गच्या लोकांना ती लागली. १६०५ मध्ये तिथला तेव्हाचा राजा मोरित्स याने गावावर झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन यांच्या परंपरेची, म्हणजे रिफॉर्म्ड पंथाची, उपासना लादली. चर्चमधल्या मूर्ती-चित्रे काढा आणि प्रभुभोजनात गोल पातळ चकत्यांऐवजी खरा पाव मोडून वाटा, असा हुकूम निघाला. गोल चकती जिभेवर ठेवली की ख्रिस्ताचे शरीर घेतल्याचा भाव मनात येतो. पाव हाताने मोडला की ती साधी भाकर आहे हे डोळ्यांना दिसते. म्हणून तर मोडण्याचा आग्रह होता. ल्यूथर यांचे अनुयायी खवळले. वाकड्या मनोऱ्याच्या सेंट मेरी चर्चमध्येच दंगा झाला, धर्मगुरूंना मारहाण झाली.

विद्यापीठातील ल्यूथरन प्राध्यापकांनी नव्या राजाज्ञेपुढे मान तुकवली नाही. त्यांना जावे लागले. त्यांना आश्रय दिला शेजारच्या हेसे-डार्मश्टाटच्या राजाने आणि १६०७ मध्ये गिसेन येथे नवे विद्यापीठ उभे राहिले. गिसेन मारबुर्गपासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्टहून येणारी गाडी तिथे थांबूनच पुढे येते. दोन्ही विद्यापीठे आजही नांदती आहेत. गाडीत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या ते ध्यानीही नसेल, पण या दोन स्टेशनांमधली फारकत भाकर कशी वाटायची यावरून झालेली आहे.

एका गावात तीन चर्च

मारबुर्गला मुक्काम असेल तर एक सकाळ जुन्या गावातील तीन चर्च पाहण्यात घालवावी. वादातील तिन्ही बाजू तिथे लाकूड-दगडांत उभ्या आहेत.

टाऊन हॉलपासून थोड्या अंतरावर पंधराव्या शतकातील कुगेलकिर्खे हे छोटे चर्च आहे. एकोणिसाव्या शतकापासून ते कॅथलिकांकडे आहे. कॅथलिक चर्चमध्ये गेले की एक कुलूपबंद छोटी पेटी आणि तिच्याजवळ अखंड तेवणारा दिवा पाहावा. मिस्सात उरलेल्या चकत्या तिथे ठेवलेल्या असतात. त्या आता साध्या चकत्या नाहीत, तिथे ख्रिस्त आहे, ही श्रद्धा. म्हणून येणारा-जाणारा तिच्यासमोर गुडघा टेकतो. आपल्याकडच्या देवघरातील नंदादीपाची आठवण व्हावी असे ते दृश्य असते.

वर सेंट मेरी चर्चमध्ये ल्यूथरन पंथाची वेदी आहे. उपासनेच्या वेळी तिथे प्रभुभोजन होते, तेव्हा ख्रिस्त तिथे खरोखर हजर असतो, ही त्यांची श्रद्धा. खाली नदीच्या बाजूला, जुन्या विद्यापीठाला लागून, विद्यापीठाचे चर्च आहे. मूळचे ते डॉमिनिकन साधूंचे. पुढे ते रिफॉर्म्ड पंथाकडे आले. या पंथाच्या रीतीत वेदीपेक्षा टेबल महत्त्वाचे, कारण त्यांच्या लेखी हे भोजन आहे आणि भोजनाला लागते ते टेबल.

या साऱ्यात आजही एक दुखरी जागा आहे. जर्मनीत नवरा कॅथलिक आणि बायको प्रॉटेस्टंट अशी कितीतरी जोडपी आहेत. रविवारी दोघे एकत्र चर्चमध्ये जातात. कॅथलिक चर्चमध्ये प्रसाद घ्यायची वेळ आली की एक उठून रांगेत उभा राहतो आणि दुसरी बाकावर बसून राहते, कारण कॅथलिक नियमानुसार इतर पंथीयांना तो सहसा देता येत नाही. घरी एका टेबलावर जेवणारी माणसे देवाच्या टेबलापाशी वेगळी होतात. २०१८ मध्ये जर्मनीच्या कॅथलिक बिशपांपैकी बहुसंख्यांनी अशा जोडीदारांना काही प्रसंगी मुभा देण्याच्या बाजूने कौल दिला. पण त्यावर चर्चमध्येच तीव्र मतभेद झाले. कॅथलिकांचीही बाजू आहे. ज्या श्रद्धेने आपण ते शरीर घेतो ती श्रद्धा दुसऱ्याची नसेल, तर एकत्र खाण्याने एकी झाल्याचा केवळ देखावा होईल, असे ते म्हणतात. ल्यूथर यांची अडचण याहून फार वेगळी नव्हती.

चारशे चव्वेचाळीस वर्षांनी

ल्यूथर आणि झ्विंग्ली यांच्या वारसांनी मात्र शेवटी मार्ग काढला. १६ मार्च १९७३ रोजी बाझेलजवळच्या लॉयेनबर्ग येथे युरोपातील ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चनी एक करार केला. झ्विंग्ली झुरिकहून ज्या बाझेलला जातो म्हणून निघाले होते, तेच हे बाझेल. प्रभुभोजनात ख्रिस्त भाकर आणि द्राक्षारस यांच्यासह आपल्याला स्वतःला देतो, एवढे दोघांनी मिळून म्हटले. कसे देतो, यावरचे जुने शाप आजच्या शिकवणुकीला लागू नाहीत, असे ठरले. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांच्या टेबलाशी बसू लागले. आज या करारात नव्वदहून अधिक चर्च सामील आहेत. कोणी कोणाला हरवले नाही. 'आहे' या शब्दाचा अर्थही कोणी सोडून दिला नाही. फक्त, आधी एकत्र बसू, उरलेले बोलत राहू, हे मान्य झाले. मारबुर्गच्या किल्ल्यात झ्विंग्ली यांनी मागितले होते तेही साधारण एवढेच.

ही गोष्ट भारतापासून फार दूरची नाही. पंगत आणि पंक्तिभेद आपल्या अंगवळणी पडलेले शब्द. तंजावर भागातील ख्रिस्ती मंडळींत जातीप्रमाणे वेगळे बसून प्रसाद घेण्याची रीत होती. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी ती बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा अनेक कुटुंबांनी चर्च सोडले. तिथे वाद ख्रिस्त भाकरीत आहे की नाही हा नव्हता. प्याला कोणाच्या ओठाला आधी लागला, हा होता.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या चर्चनी एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना केली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट अशा निरनिराळ्या परंपरांची माणसे त्यात होती. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही त्यात आल्या. प्रभुभोजनाविषयी या परंपरांची मते एकसारखी नव्हती, तरी टेबल एक झाले. लॉयेनबर्गच्या कराराआधी दोन-सव्वादोन वर्षे हे नागपुरात घडले, ही मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

कॅथलिक श्रद्धेचे दर्शनही महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत ३८ वी आंतरराष्ट्रीय युखॅरिस्ट परिषद भरली, ती याच संस्काराच्या गौरवासाठी. तिच्यासाठी सहावे पॉल मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर जमलेल्या गर्दीत अन्य धर्मीयही मोठ्या संख्येने होते.

जायचे तर

मारबुर्गला जाण्यासाठी एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ चांगला. फ्रँकफर्टहून थेट गाड्या आहेत. गाव पायी फिरण्याजोगे आहे, मात्र बूट चांगले हवेत. वयस्कर मंडळींना सगळ्या पायऱ्या चढण्याची गरज नाही, खालच्या रस्त्यावरून जुन्या गावात नेणारी सार्वजनिक लिफ्ट आहे. किल्ल्याच्या आतील दालने पाहायची असतील, तर ती केव्हा उघडी असतात हे आधी विचारून घ्यावे.

संध्याकाळी किल्ल्याच्या अंगणातून खाली उतरताना तिन्ही चर्चच्या घंटा ऐकू येतात. चौकात टाऊन हॉलचा कोंबडा आरवतो. हॉटेलांतून टेबले रस्त्यावर मांडलेली असतात आणि विद्यार्थी पावाचे तुकडे मोडून एकमेकांना देत गप्पा मारत असतात. कोण कोणत्या चर्चचा, हे तिथे कोणी विचारत नाही.